हिवाळ्यात जनावरांचे पिण्याचे पाणी

पुण्याच्या थंडीत हौदावर बर्फ धरत नाही. १७ जानेवारी १९३५ रोजी येथील तपमान १.७ अंश सेंटिग्रेडपर्यंत उतरले होते; तेही पाण्याच्या गोठणबिंदूच्या वरच होते. हिमवृष्टीच्या देशांत हौदात विजेचे तापक बसवावे लागतात व नळ जमिनीत खोल पुरावे लागतात. तो खर्च आपणांस पडत नाही. परंतु म्हणून निष्काळजी राहणे हिताचे नाही.

निरभ्र रात्री उघड्यावरील वस्तू आपली उष्णता आकाशाकडे सोडतात व भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात. महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या परिसरात पहाटे दवबिंदू गोठतात, ते याच कारणाने. उथळ हौदातील किंवा लोखंडी टाकीतील पाणीही असेच गारठते. असे पाणी जनावर तोंड लावून सोडून देते. दुधाच्या शंभर भागांत ऐंशीहून अधिक भाग पाणीच असते. शरीराच्या नित्य गरजेखेरीज दर लिटर दुधामागे सुमारे तीन लिटर पाणी गाईस लागते. पाणी कमी पडले की दूध घटते. त्यात वैरण कोरड्या कडब्याची असेल तर मलावरोधही होतो.

उपाय सोपा आहे. सायंकाळी हौद रिकामा करून घासावा आणि सकाळी ताजे पाणी भरावे. खोल विहिरीचे पाणी हिवाळ्यातही कोमट लागते, कारण जमिनीच्या पोटातील तपमान वर्षभर फारसे बदलत नाही. बिबवेवाडी आता पुणे शहरात मोडते. अशा भागांत ज्यांच्या दावणीला जनावरे आहेत व पाणी गच्चीवरील टाकीतून येते, त्यांनी टाकीस गोणपाट गुंडाळावे. पहाटेच्या पाण्यात थोडे गरम पाणी मिसळावे, अथवा ऊन चढल्यावर ते पाजावे. रात्री पाणी ठेवणे भाग असल्यास हौद छपराखाली असावा व त्याचा बराचसा भाग फळीने झाकावा. जनावराचे तोंड जाईल एवढी जागा मात्र मोकळी ठेवावी.

ग्रामसेवकांनी याचे प्रात्यक्षिक अवश्य करून दाखवावे. एका सकाळी रात्रीचे शिळे पाणी व दुसऱ्या सकाळी विहिरीचे ताजे पाणी त्याच गाईस बादलीने मोजून पाजावे. किती पाणी उरले, हे शेतकऱ्यास स्वतः पाहू द्यावे. असे काही दिवस आलटून पालटून केल्यास फरक त्याच्या ध्यानी येईल. विकतची पेंड वाढविण्यापूर्वी पाण्याकडे पाहावे. तेथे पैसा लागत नाही, केवळ दक्षता लागते.