धोक्याची जागा कोणी दाखवावी?

वाचकहो, आपल्या घरातून शाळेला अथवा कामावर सायकलीने जाणारे कोणी असेल, तर आज सायंकाळी त्यास एक प्रश्न विचारून पाहा : वाटेत जीव मुठीत धरून जावे लागते असे ठिकाण कोणते? उत्तरासाठी त्याला फार विचार करावा लागणार नाही. पुलाच्या उतारावर पसरलेली खडी, बाजाराच्या वळणावर उभ्या राहणाऱ्या मालमोटारी, जिच्या फटीत पुढचे चाक अडकावे अशी गटाराची जाळी, रंग उडाल्यामुळे रात्री न दिसणारा गतिरोधक, ही सारी यादी त्याला तोंडपाठ असते. ही माहिती मोलाची आहे. परंतु बहुधा ती त्याच्यापाशीच राहते. शेजारच्या आळीतला मुलगा उद्या त्याच जाळीपाशी पडतो आणि तीच गोष्ट गुडघे फोडून घेऊन शिकतो.

हे विखुरलेले ज्ञान एकत्र करून सर्वांसमोर मांडता येणार नाही काय? जगात अनेक ठिकाणी हा प्रयत्न झाला आहे.

मोटारींच्याही आधी

ही कल्पना आपण समजतो तितकी नवी नाही. इंग्लंडात १८७८ साली सायकलस्वारांची एक संस्था स्थापन झाली व १८८३ पासून ती ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. त्या काळच्या उंच चाकाच्या सायकलींना ब्रेक असे ते नावापुरतेच, त्यामुळे तीव्र उतार म्हणजे प्राणाशी गाठ असे. तेव्हा सायकलस्वारांच्या संस्थांनीच अशा उतारांच्या माथ्यावर धोक्याचे फलक उभारले. रस्त्यांवर मोटारी दिसू लागण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. जो त्या वाटेने गेला, त्याने मागून येणाऱ्याला सावध केले, एवढेच तिचे सार.

तेच काम आता नकाशा करू लागला आहे. कॅनडातील व्हिक्टोरिया विद्यापीठात भूगोलाच्या प्राध्यापिका असताना ट्रिसालिन नेल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘बाइकमॅप्स’ हा उपक्रम सुरू केला. संगणकावर किंवा मोबाइलवर नकाशा उघडावा, आपला प्रसंग जेथे घडला त्या जागी खूण करावी आणि काय घडले ते थोडक्यात नोंदवावे, अशी ह्याची पद्धत आहे. नोंद करणाऱ्याचे नाव प्रसिद्ध होत नाही. व्हिक्टोरिया शहरात आरंभ झालेला हा नकाशा आता इतर देशांतील लोकांसही खुला आहे.

टळलेल्या अपघातांचे मोल

ह्या नकाशाचे वैशिष्ट्य असे की, त्यात केवळ झालेले अपघातच नव्हेत, तर थोडक्यात टळलेले अपघातही नोंदविले जातात. सरकारी वा विम्याच्या दप्तरात मुख्यतः मोटारीशी झालेली टक्कर नोंदली जाते. खड्डा चुकविताना कोणी एकटाच पडला, किंवा उभ्या मोटारीचे दार अकस्मात उघडले आणि कोणी केसाच्या अंतराने वाचला, तर त्याची दखल कोण घेणार? पण उद्याच्या अपघाताची पूर्वसूचना नेमकी येथेच असते.

अमेरिकेतील एच. डब्ल्यू. हाइनरिक ह्यांनी कारखान्यांतील अपघातांचा अभ्यास करून १९३१ साली असे मांडले की, एका गंभीर दुखापतीमागे २९ किरकोळ दुखापती आणि ३०० दुखापतीविना निभावलेले प्रसंग असतात. हे नेमके प्रमाण पुढील अभ्यासकांना मान्य झाले नाही. तथापि मोठ्या संकटापूर्वी लहान इशारे मिळत असतात आणि ते ऐकण्याजोगे असतात, हा बोध मात्र आजही उपयोगी आहे.

आपल्याकडील चित्र

आपल्या देशात २०११ च्या जनगणनेनुसार दर शंभर कुटुंबांपैकी सुमारे ४५ कुटुंबांकडे सायकल होती. बिहारने २००६ साली मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली देण्याची योजना आखली. पश्चिम बंगालने २०१५ साली ‘सबूज साथी’ योजना सुरू केली. सायकलीमुळे दूरची शाळा जवळ आली खरी; परंतु त्या शाळेची वाटही सुरक्षित असावयास हवी. २०२२ ह्या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली.

राष्ट्रीय महामार्गावरील एखादी जागा ‘अपघातप्रवण’ कशी ठरते, हे पाहण्याजोगे आहे. सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात घडले, अथवा दहा माणसे दगावली, तर त्या जागेची तशी गणना होते. दुरुस्ती आधी कोठे करावी हे ठरविण्यास असा निकष लागतो, हे मान्य. परंतु त्या वाटेने रोज सायकलीवरून शाळेला जाणाऱ्या मुलीला ती जागा धोक्याची आहे हे पहिल्याच दिवशी कळलेले असते. तिचे म्हणणे नोंदविण्यासाठी आपण दहा मृत्यूंची वाट का पाहावी?

कोरी जागा म्हणजे सुरक्षित नव्हे

अशा नकाशाची एक मर्यादा मात्र विसरता कामा नये. ज्याच्या हाती मोबाइल आहे आणि ज्याला सवड आहे, तोच खुणा करतो. पहाटे दुधाच्या किटल्या अडकवून निघणारा गवळी, बांधकामावर जाणारा मजूर, शेताच्या वाटेने शाळा गाठणारी मुलगी ह्यांचे रस्ते नकाशावर कोरेच राहतात. ती कोरी जागा पाहून तेथे सारे क्षेम आहे असे कोणी समजेल, तर तो मोठा अन्याय होईल. म्हणून ज्यांना खूण करता येत नाही त्यांना विचारून ती दुसऱ्याने करावी.

आपण काय करू शकतो?

ह्यासाठी यंत्रसामग्री हवीच असे नाही. शाळेच्या फळ्यावर अथवा मोठ्या कागदावर गावाचा नकाशा काढावा. मुलांनी आपापली येण्याची वाट दाखवावी आणि धोक्याच्या जागी लाल ठिपका द्यावा. शेजारी वेळ, पाऊस होता की नाही, उजेड कसा होता आणि नेमके काय झाले, एवढे लिहावे. माणसाचे नाव नको. जागेची खूण पुरे. नोंद घरी पोहोचल्यावर करावी, सायकलीवर असताना नव्हे. ज्या ठिकाणी ठिपके दाटीने पडतील, तेथे वडीलधाऱ्यांनी स्वतः जाऊन पाहावे.

मग तो रस्ता कोणाचा, हे शोधावे. गावातील रस्ता ग्रामपंचायतीचा वा नगरपालिकेचा असेल. गावाबाहेरचा जिल्हा परिषदेचा किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाचा असू शकेल. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा दूरध्वनी क्रमांक आहे. अर्ज लेखी द्यावा, नकाशाची प्रत जोडावी व पोच घ्यावी. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, रस्त्याच्या रचनेचे व देखभालीचे ठरलेले निकष न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व ओढवले, तर जबाबदार अधिकाऱ्यास वा कंत्राटदारास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंडाची वेळ येऊ नये, ह्यासाठीच तर हा खटाटोप. झाकण बसले, खडी उचलली गेली, की नकाशावरील तो ठिपका मुलांच्याच हातून पुसून घ्यावा. आपण लिहिलेल्या शब्दाने रस्ता बदलतो, हा अनुभव त्यांना नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून मिळणार नाही.

आज सायंकाळी तो प्रश्न घरात अवश्य विचारा, आणि मिळालेले उत्तर ऐकून सोडून देऊ नका. कागदावर उतरवून ठेवा.