वालाचं बिरडं करायला दोन दिवस का लागतात? यातली कोणती पायरी गाळायची, कोणती अजिबात नाही?

'१५ मिनिटांत वालाचं बिरडं' असा एखादा रील तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. कढईत फोडणी तडतडते, त्यात सोललेल्या टपोऱ्या डाळिंब्या पडतात, वरून खोबरं, कोथिंबीर. झालं बिरडं.

मग तुम्ही हौसेनं पेणच्या नाहीतर रोह्याच्या बाजारातून अर्धा किलो कडवे वाल आणता. घरी येऊन पिशवी उघडता आणि लक्षात येतं, की रीलमधली १५ मिनिटं म्हणजे शेवटची १५ मिनिटं होती. त्याआधीचे दोन दिवस कॅमेऱ्याबाहेरच राहिले.

बिरड्याचं साहित्य बघितलं तर हा अगदी साधा पदार्थ आहे. महागाचं काही नाही, मिक्सरही लागत नाही. लागतो तो वेळ. तो नेमका कशात जातो हे कळलं, तर कुठं वाचवायचा हेही कळतं.

आधी हे वाल येतात कुठून?

पेण, रोहा, अलिबाग, सुधागड हा सगळा भाताचा पट्टा. दिवाळीच्या आगेमागे भातकापणी झाली, की जमिनीत पावसाची ओल शिल्लक असते. त्या ओलीवरच वाल पेरतात. वेगळं पाणी द्यावं लागत नाही. शिवाय वालाच्या मुळांवर गाठी असतात. त्यातले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत धरून ठेवतात, त्यामुळे जमिनीचा कसही टिकतो.

जानेवारी-फेब्रुवारीत कोवळ्या शेंगा भरल्या, की रायगडात पोपटीचे बेत सुरू होतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ घालायचं आणि मडकं उलटं करून जाळात भाजायचं. शाकाहारी पोपटीत बटाटे, रताळी, वांगी जातात. शेतात उरलेल्या शेंगा पुढं वाळतात, त्यातून दाणे निघतात आणि वर्षभराची बेगमी होते.

आता एक खबरदारी. बिरड्याला लागतात ते छोटे, तपकिरी कडवे वाल. दुकानात 'रंगून वाल' म्हणून मोठे पांढरे दाणे मिळतात, ते वेगळे. दुकानदाराला 'डाळिंब्यांचे वाल द्या' म्हटलं की चूक होत नाही.

भिजवणं, मोड आणणं, सोलणं कशासाठी?

आजीला विचारलं तर ती म्हणेल, 'असंच करतात.' पण या प्रत्येक पायरीमागं कारण आहे.

पहिलं, भिजवणं. वालात काही साखरी असतात ज्या आपल्याला पचत नाहीत. त्या मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या हाती लागतात आणि पोटात गॅस होतो. यातल्या काही साखरी भिजवलेल्या पाण्यात उतरतात. म्हणून ते पाणी टाकून द्यायचं.

दुसरं, मोड. दाणा उगवायला लागला, की तो स्वतःचा साठा वापरायला लागतो. गॅस करणाऱ्या साखरी आणखी कमी होतात. लोह आणि झिंक अडवून ठेवणारं फायटिक आम्लही कमी होतं.

तिसरं, सोलणं. सालीत टॅनिन असतं, त्यामुळे तुरट-कडवट चव येते. साल चिवटही असते. ती काढली की राहते ती मऊ डाळिंबी.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं, शिजवणं. कच्च्या वालात प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात. सायनाइड तयार करू शकणारे घटकही कमी-जास्त प्रमाणात असतात. भिजवून, पाणी बदलून, नीट शिजवल्यावर हा प्रश्न राहत नाही.

मग मोड आलेले वाल सॅलडमध्ये घालायचे का?

नाही. मुगाचे मोड कच्चे खाल्ले जातात म्हणून वालाचेही चालतील, असं नाही. डब्यात 'हेल्दी स्प्राउट्स' म्हणून वाल देणार असाल, तर आधी ते पूर्ण शिजवा. हीच ती पायरी जी कधीच गाळायची नाही.

चार जणांसाठी बिरडं

समजा, रविवारी दुपारी खायचं आहे.

शुक्रवारी रात्री: दीड वाटी वाल निवडून, धुऊन भरपूर पाण्यात भिजत घाला.

शनिवारी सकाळी: पाणी टाका, वाल धुवा आणि ओल्या फडक्यात घट्ट बांधून ठेवा. उन्हाळ्यात रात्रीपर्यंत मोड दिसतात. थंडीत पूर्ण दिवस-रात्र लागते. मधे एकदा पाणी शिंपडा. चिकट झाले किंवा वास आला, तर ते वापरू नका.

रविवारी सकाळी: मोड आलेले वाल १०-१५ मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. मग दाणा अंगठा आणि बोटात धरून दाबा. डाळिंबी सटकन बाहेर येते.

आता तेलात मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, हळद. त्यावर डाळिंब्या घालून हलक्या हातानं परता. बुडतील इतकं गरम पाणी घाला. वर ताट झाका आणि ताटात थोडं पाणी ठेवा. मंद आचेवर १५-२० मिनिटं शिजू द्या. डाळिंबी बोटानं सहज चेपली गेली पाहिजे, पण दिसायला अख्खी राहिली पाहिजे.

त्यानंतरच तिखट, मीठ, तीन-चार आमसुलं आणि गुळाचा खडा घाला. आमसूल आधी घातलं, तर आंबटपणामुळे कडधान्य लवकर शिजत नाही. 'तासभर शिजवलं तरी दाणा कडकच' ही तक्रार बऱ्याचदा यामुळेच असते. पाच मिनिटं उकळलं, की ओलं खोबरं आणि कोथिंबीर.

श्रावणात हे कांदा-लसणाशिवाय होतं. एरवी फोडणीत कांदा-लसूण घालायला हरकत नाही.

सोबत भात हवाच. १०० ग्रॅम सुक्या वालात साधारण २० ते २४ ग्रॅम प्रथिनं असतात. कडधान्यात जे अमिनो आम्ल कमी असतं, ते भातात मिळतं आणि भातात जे कमी, ते वालात. एकाच शेतात पावसाळ्यात भात आणि हिवाळ्यात वाल पिकतो. ताटातही दोघं एकमेकांची उणीव भरून काढतात.

वेळ कुठं वाचवायचा?

एकदम अर्धा-पाऊण किलो वाल भिजवा, सोला आणि एका वेळच्या पुड्या करून फ्रीझरमध्ये ठेवा. फ्रीजमध्ये मात्र दोन दिवसांत संपवा. हाताशी सोललेल्या डाळिंब्या असतील, तर बिरडं खरंच अर्ध्या तासात होतं.

कुकर टाळा. एक शिट्टी जास्त झाली की डाळिंब्यांचं पिठलं होतं.

बाजारात सोललेल्या डाळिंब्याही मिळतात. त्या महाग वाटल्या, तर भाव करण्याआधी एकदा स्वतः पाव किलो सोलून बघा. तो भाव वालाचा कमी आणि कुणाच्या तरी बोटांचा जास्त असतो.

आणि सोलायचं कुणी?

खरा प्रश्न हाच आहे. भिजवायला आणि मोड यायला लागणारा वेळ वालाचा असतो. आपण झोपलो तरी ते काम चालू असतं. सोलायचा वेळ मात्र माणसाचा. तो बहुतेक घरांत एकाच बाईचा असतो, आणि बिरडं मागं पडण्यात त्याचा वाटा मोठा आहे. 'हल्ली कुणाला वेळ आहे' याचा अर्थ पुष्कळदा 'हल्ली तिला एकटीला वेळ नाही' एवढाच असतो.

पण बिरड्यातलं हे एकच काम असं आहे, ज्याला सुरी लागत नाही, गॅस लागत नाही आणि शिकायला दोन मिनिटं पुरतात. सात वर्षांचं पोरही ते करतं, आजोबाही करतात. परात मधे ठेवून चार जण बसले, तर एकटीचं तासाभराचं काम पंधरा-वीस मिनिटांत उरकतं.

तेव्हा येत्या शुक्रवारी रात्री वाल भिजत घाला आणि रविवारी सकाळी परात घेऊन सगळ्यांनाच हाक मारा.