थंडी, पाऊस आणि डोंगरी टप्पे : व्यावसायिक सायकल शर्यतीतील शरीरक्रिया व सुरक्षितता

प्रस्तावना

फ्रान्समधील 'तूर द फ्रान्स' (१९०३), इटलीतील 'जिरो द इटालिया' (१९०९) आणि स्पेनमधील 'व्हुएल्टा' (१९३५) या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतींचा निकाल बहुतांशी डोंगरी टप्प्यांवर ठरतो. त्यातही 'जिरो' मे महिन्यात होत असल्याने आल्प्स पर्वतातील उंच खिंडींत तेव्हा बर्फ पूर्णपणे वितळलेले नसते. अशा टप्प्यांवर पाऊस वा हिमवर्षाव सुरू झाल्यास स्पर्धकाला प्रतिस्पर्ध्यांच्या बरोबरीने स्वतःच्या शरीराच्या तापमानाशीही झुंजावे लागते. ही झुंज नेमकी कोणत्या कारणांनी निर्माण होते आणि तिच्याबाबत क्रीडासंस्थांनी कोणते नियम केले, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

चढ आणि उतार : उष्णतेचा जमाखर्च

मानवी स्नायूंची कार्यक्षमता मर्यादित असते. सायकल चालविताना खर्च होणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी साधारणतः २० ते २५ टक्के ऊर्जाच पेडलवर पोहोचते व उरलेली उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. चढावर ३०० वॅट शक्ती लावणारा सायकलपटू त्याच वेळी सुमारे १००० वॅट उष्णता निर्माण करीत असतो. त्यामुळे थंड हवेतही चढावर त्याला घाम येतो आणि त्याचे कपडे आतून घामाने व बाहेरून पावसाने भिजतात.

खिंडीचा माथा ओलांडताच ही स्थिती पालटते. उतारावर पेडल मारण्याची गरज फारशी उरत नाही, म्हणून उष्णतेची निर्मिती एकदम घटते. उलट वेग ताशी ६० किलोमीटर वा त्याहून अधिक झाल्याने वाऱ्याचा झोत अंगावर येतो. शून्य अंश सेल्सिअस तापमानात ताशी ६० किलोमीटर वेगाचा वारा कोरड्या उघड्या त्वचेला सुमारे उणे ९ अंशांच्या स्थिर हवेसारखा जाणवतो. त्वचा ओली असल्यास परिणाम अधिक तीव्र होतो. एक ग्रॅम पाण्याच्या बाष्पीभवनास सुमारे २४०० जूल उष्णता लागते. म्हणजे १०० ग्रॅम पाण्याच्या बाष्पीभवनाला लागणारी उष्णता ६० किलो वजनाच्या शरीराचे तापमान एक अंशाहून अधिक उतरविण्यास पुरेशी ठरते. यातील काही उष्णता हवेतून मिळते व काही शरीर भरून काढते. तथापि भिजलेल्या कपड्यांत पाण्याचा साठा याहून कितीतरी मोठा असतो, हे लक्षात घेतले पाहिजे.

उंचीचाही येथे विचार करावा लागतो. दर हजार मीटर उंचीमागे हवेचे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी कमी होते. इटलीतील गाव्हिया खिंड २६२१ मीटर उंच आहे, म्हणजे सह्याद्रीतील सर्वोच्च कळसूबाई शिखराहून जवळजवळ एक हजार मीटर अधिक. तिच्या पायथ्याच्या बोर्मिओ गावात पाऊस पडत असता माथ्यावर बर्फ पडणे हे त्यामुळे स्वाभाविक आहे.

शरीरावरील परिणाम

थंडीत शरीर प्रथम हातापायांचा रक्तपुरवठा कमी करून हृदय, मेंदू आदी महत्त्वाच्या अवयवांची उष्णता राखते. परिणामी बोटे बधिर होतात. सायकलपटूच्या दृष्टीने हे विशेष धोक्याचे असते, कारण ब्रेकची मूठ दाबणे, गिअर बदलणे आणि खिशातील खाद्यपदार्थ काढणे ही सर्व कामे बोटांवरच अवलंबून असतात. त्यानंतर थरथर सुरू होते. तिच्यामुळे उष्णता निर्माण होत असली तरी स्नायूंतील शर्करेचा साठा वापरला जातो आणि सायकलचे हँडल स्थिर ठेवणे कठीण होते. अंतर्गत तापमान ३५ अंशांखाली गेल्यास त्या अवस्थेस 'हायपोथर्मिया' म्हणतात. तीत बोलणे अडखळते, निर्णयशक्ती मंदावते आणि आपण धोक्यात आहोत याचे भानही क्षीण होत जाते.

चढावर लाभदायक ठरणारी शरीरयष्टी येथे प्रतिकूल ठरते. घाटात चमकणारे स्पर्धक सडपातळ असून त्यांच्या त्वचेखाली चरबीचा थर अत्यल्प असतो. शिवाय वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ अधिक असल्याने त्यांची उष्णता लवकर निघून जाते.

गाव्हिया, १९८८

५ जून १९८८ रोजी 'जिरो'चा चौदावा टप्पा गाव्हिया खिंडीतून बोर्मिओला जाणारा होता. माथ्यावर बर्फवृष्टी होत होती आणि घाटाचा काही भाग तेव्हा कच्चा होता. डच सायकलपटू योहान व्हान डर व्हेल्डे अपुऱ्या कपड्यांनिशी सर्वांच्या पुढे माथ्यावर पोहोचला. मात्र उतारावर त्याला इतकी थंडी बाधली की त्याला आसरा घ्यावा लागला व शेवटी तो सुमारे ४७ मिनिटे मागे पडला. अमेरिकेच्या अँडी हॅम्पस्टेनच्या संघाने लोकरी टोप्या, जाड हातमोजे व गरम पेय यांची तरतूद अगोदरच केली होती. टप्पा एरिक ब्रोकिंकने जिंकला. हॅम्पस्टेन अवघे सात सेकंद मागे राहून आघाडीचा गुलाबी जर्सी मिळवू शकला आणि पुढे ती स्पर्धा जिंकणारा पहिला अमेरिकन ठरला. चढावर दोघेही समर्थ होते. त्यांच्यातील तफावत सुमारे २५ किलोमीटरच्या उतारावर आणि पूर्वतयारीत पडली.

अशा प्रसंगांचे शौर्यगाथेत रूपांतर होण्याची परंपरा जुनी आहे. १९५६ मध्ये मोंते बोंदोनेच्या हिमवादळात शार्ली गॉलने मिळविलेला विजय किंवा १९८० च्या लिएज–बास्तोन–लिएज शर्यतीतील बेर्नार इनोचा विजय आजही गौरवाने सांगितला जातो. १९८० च्या त्या शर्यतीत १७४ पैकी केवळ २१ स्पर्धक अंतिम रेषेपर्यंत पोहोचले आणि इनोच्या बोटांना त्या थंडीचा कायमचा त्रास जडला, ही बाजू मात्र तुलनेने कमी सांगितली जाते.

नियमांची वाटचाल

२०१३ मध्ये बर्फामुळे 'जिरो'चा एकोणिसावा टप्पा रद्द करावा लागला. २०१४ मध्ये स्टेल्व्हिओ खिंडीच्या उतारावर शर्यत स्थगित आहे की नाही याबाबत संदिग्ध सूचना गेल्या. काही संघ थांबले, काही पुढे गेले आणि नायरो किंताना याने त्या टप्प्यात आघाडीवरील स्पर्धकाला चार मिनिटांहून अधिक मागे टाकले. अस्पष्ट नियम हे केवळ सुरक्षिततेलाच नव्हे, तर न्याय्य स्पर्धेलाही बाधक असतात, हे यातून दिसून आले.

आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने २०१६ पासून प्रतिकूल हवामानाविषयीची कार्यपद्धती लागू केली. गोठणारा पाऊस, रस्त्यावर साचलेले बर्फ, जोराचा वारा, तीव्र तापमान, अपुरी दृश्यता आदी परिस्थितींत आयोजक, पंच, डॉक्टर तसेच संघांचे व स्पर्धकांचे प्रतिनिधी यांनी एकत्र बसून विचार करावा, अशी ही रचना आहे. वेळ वा मार्ग बदलणे, काही भाग स्थगित ठेवणे किंवा टप्पा रद्द करणे हे पर्याय तीत आहेत. त्याच वर्षी मार्चमध्ये 'पारी–नीस' स्पर्धेचा तिसरा टप्पा बर्फामुळे रद्द झाला.

तरीही वाद मिटले नाहीत. २०२० मध्ये सायकलपटूंनी पावसात २५८ किलोमीटर धावण्यास विरोध केल्याने 'जिरो'चा अस्तीकडे जाणारा टप्पा जवळजवळ निम्मा झाला व आयोजकांनी उघड नाराजी व्यक्त केली. त्या दिवशी बर्फ नव्हते. थंड पाऊस, दीर्घ अंतर आणि तीन आठवड्यांचा साचलेला थकवा यांचा एकत्रित विचार व्हावा की नाही, हा वादाचा खरा मुद्दा होता.

समारोप

डोंगरी टप्प्यावरील थंडीचा धोका केवळ तापमापकावरील आकड्याने मोजता येत नाही. ओलावा, वेग, उताराची लांबी, शरीरयष्टी आणि थकवा यांच्या संयोगातून तो निर्माण होतो. म्हणूनच चढावर समर्थ दिसणारा स्पर्धक पुढील अर्ध्या तासात असहाय होऊ शकतो. हायपोथर्मियात निर्णयशक्तीच क्षीण होत असल्याने 'थांबायचे की नाही' हा निर्णय एकट्या स्पर्धकावर सोपविणे शास्त्रीयदृष्ट्या समर्थनीय नाही. तो निर्णय खिंडीच्या माथ्यावर पोहोचण्यापूर्वी, स्पष्ट निकषांच्या आधारे आणि स्पर्धकांच्या सहभागाने व्हावयास हवा. सहनशक्तीचा गौरव करताना तिची शारीरिक मर्यादा मान्य करणे हे क्रीडाशास्त्राचेच नव्हे, तर क्रीडानीतीचेही कर्तव्य ठरते.