सात काउंट्यांचे कॉलेज

शिकागोहून नैर्ऋत्येला साठ-पासष्ट किलोमीटरवर, डेस प्लेन्स नदीच्या काठी जोलिएट हे शहर आहे. चुनखडीच्या खाणी, पोलादाचे कारखाने आणि तुरुंग ही त्याची जुनी ओळख. ‘द ब्लूज ब्रदर्स’ या १९८० च्या चित्रपटाचा नायक बाहेर पडतो तो इथल्याच तुरुंगातून. अशा कष्टकऱ्यांच्या गावाची दखल शिक्षणाच्या इतिहासाने घ्यावी, याला कारण एकच. अमेरिकेत आजही चालू असलेले सर्वांत जुने सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज, म्हणजे जोलिएट ज्युनिअर कॉलेज, इथे आहे. त्याची स्थापना १९०१ ची.

आपल्याकडे ज्युनिअर कॉलेज म्हटले की अकरावी-बारावी आठवते. अमेरिकेत ती बारावीनंतरची दोन वर्षे. कल्पना होती शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांची. अठराव्या वर्षी येल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेला हा हिब्रूचा पंडित. पदवीची पहिली दोन वर्षे म्हणजे शाळेचेच शेपूट, ते विद्यापीठाने का सांभाळायचे, असा त्यांचा सवाल होता. स्वतःच्या विद्यापीठात त्यांनी ‘ज्युनिअर’ आणि ‘सीनिअर’ असे दोन भाग पाडले आणि १९०० पासून पहिला टप्पा पुरा करणाऱ्यांना ‘असोसिएट’ ही पदवी देऊ केली. गोरगरिबांना उच्च शिक्षण मिळावे हा काही त्यामागचा मुख्य हेतू नव्हता. विद्यापीठाला संशोधनासाठी मोकळीक हवी होती.

जोलिएटच्या सरकारी हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राऊन यांच्यापुढचा प्रश्न अगदी उलट होता. त्यांची हुशार मुले शाळा संपली की अडून बसत. शिकागोत राहण्याचा खर्च घरच्यांना झेपणारा नव्हता. हार्पर आणि ब्राऊन यांचे सूत जुळले आणि हायस्कूलच्या नव्याकोऱ्या दगडी इमारतीतच पुढच्या दोन वर्षांचे वर्ग सुरू झाले. पहिल्या वर्षी विद्यार्थी होते सहा. डिसेंबर १९०२ मध्ये शाळेच्या विश्वस्त मंडळाने या वर्गांना रीतसर मान्यता दिली आणि शिक्षण मोफत केले. विद्यापीठाला नकोशी झालेली दोन वर्षे गावाने अशी आपल्या पदरात घेतली.

याच कॉलेजातून १९२० च्या दशकात कॅथरीन डनहॅम शिकून गेल्या. त्यांचे वडील जोलिएटमध्ये कपडे ड्रायक्लीन करण्याचा व्यवसाय करत. डनहॅम पुढे शिकागो विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकल्या, हैतीला जाऊन तिथल्या नृत्यांचा अभ्यास केला आणि आफ्रिकी-कॅरिबियन परंपरेतून स्वतःची नृत्यशैली घडवून ती जगभरच्या रंगमंचांवर नेली. घरी राहून दोन वर्षे आणि मग मोठे विद्यापीठ, हा ब्राऊन यांनी आखलेला रस्ता किती लांब जाऊ शकतो, याचा हा ठळक दाखला.

दुसऱ्या महायुद्धानंतर या रस्त्यावर गर्दी झाली. १९४४ च्या ‘जी. आय. बिल’मुळे परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशी कॉलेजे देशभर काढण्याची शिफारस केली. ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झाले ते तेव्हापासून. इलिनॉय राज्याने १९६५ मध्ये त्यासाठी कायदा केला. जोलिएट परिसरातल्या मतदारांनी १९६७ मध्ये कौल दिला आणि कॉलेज हायस्कूलच्या छत्राखालून बाहेर पडून स्वतंत्र ‘जिल्हा क्रमांक ५२५’ झाले. दोनच वर्षांत शहराच्या पश्चिमेला हूबोल्ट रोडवर तात्पुरत्या इमारतींत वर्ग भरू लागले.

हा जिल्हा म्हणजे आपल्यासारखा महसुली जिल्हा नव्हे. शाळा किंवा पाणीपुरवठा यांच्याप्रमाणे फक्त कॉलेजसाठी आखलेला तो प्रदेश. इलिनॉयमध्ये असे ३९ जिल्हे आहेत. जोलिएटच्या जिल्ह्यात सात काउंट्यांचा थोडाफार भाग येतो. लोकसंख्या सुमारे सात लाख. प्रत्येक घरमालकाच्या मालमत्ता कराच्या बिलात कॉलेजचा वाटा स्वतंत्र दाखवलेला असतो. उरलेला खर्च राज्याचे अनुदान आणि विद्यार्थ्यांची फी यांतून भागतो. कारभार पाहणारे सात विश्वस्त थेट मतदानाने, सहा वर्षांसाठी निवडले जातात. आठवा विश्वस्त विद्यार्थ्यांचा, त्याचे मत केवळ सल्ल्यापुरते. कर भरणाराच मालक असल्यामुळे ‘तुमचे कॉलेज आमच्यासाठी काय करते?’ हा प्रश्न तो हक्काने विचारतो.

उत्तर शोधायचे तर कॉलेजच्या वेगवेगळ्या जागा पाहाव्या लागतात. शहराबाहेर लॅरावे रोडवर शेतीशिक्षण केंद्र आहे, कारण कारखान्यांची कुंपणे संपली की मका आणि सोयाबीनची शिवारे सुरू होतात. गुरे, घोडे, कुत्रे हाताळायला शिकणारे पशुवैद्यकीय तंत्रज्ञही तिथेच तयार होतात. गावाच्या मध्यभागी २०१७ मध्ये सुरू झालेल्या इमारतीत भावी आचारी सुऱ्या परजतात. प्रौढशिक्षणाच्या वर्गांत मेक्सिकोहून आलेले कामगार इंग्रजी गिरवतात, आणि शाळा अर्ध्यावर सुटलेले चाळिशीतले लोक बारावीच्या तोडीची परीक्षा देण्याची तयारी करतात. मुख्य आवारात परिचारिका, वेल्डर, हिशेबनीस यांचे अभ्यासक्रम आणि विद्यापीठात जाऊ पाहणाऱ्यांची गणित-इतिहासाची व्याख्याने एकाच छपराखाली चालतात. प्रवेशासाठी गुणांची चाळणी नाही. दिवसा नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग असतात.

गाव बदलले तसे कॉलेजलाही बदलावे लागले. पोलादाच्या भट्ट्या थंडावल्या. महायुद्धात दारूगोळा बनवणारा एल्वुडजवळचा सरकारी कारखाना बंद झाला. त्याच्या जमिनीचा मोठा हिस्सा १९९६ च्या कायद्याने गवताळ माळ म्हणून राखला गेला, तर काही भागावर २००२ मध्ये बीएनएसएफ रेल्वेचे कंटेनर स्थानक उभे राहिले. २०१० मध्ये युनियन पॅसिफिकनेही जोलिएटला आपले स्थानक आणले. शेतांच्या जागी अवाढव्य गोदामे आली, रस्ते ट्रकांनी भरले. गोदामात हातगाडी ढकलणाऱ्याचे काम उद्या यंत्र करू लागले, तर ते यंत्र दुरुस्त करणारा माणूस लागणार. तो घडवायचा कोणी? परिसरातले कारखानदार हा प्रश्न कॉलेजकडे घेऊन येतात.

या साऱ्याला दुसरी बाजूही आहे. समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी १९६० मध्येच लिहिले होते की, ही कॉलेजे सर्वांना आत घेतात आणि मग अनेकांच्या महत्त्वाकांक्षा हळूहळू, न दुखावता, थंड करतात. आजचे आकडेही सुखावणारे नाहीत. देशभरातल्या कम्युनिटी कॉलेजांत पाऊल टाकणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना पदवी हवी असते. प्रत्यक्षात विद्यापीठापर्यंत पोचतात साधारण एक तृतीयांश आणि सहा वर्षांत पदवी घेतात त्यांपैकी जेमतेम निम्मे. यात बुद्धीचा दोष थोडा. पाळी बदलते, गाडी बंद पडते, मूल आजारी पडते, आणि एक सत्र बुडाले की दुसरेही बुडते. शिवाय इथे घेतलेले विषय विद्यापीठ मानेलच याची खात्री नसते.

भारतातही या नावाचा प्रयोग झाला. पुदुच्चेरीत १९९५ मध्ये, मग चेन्नईत कम्युनिटी कॉलेज निघाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्ये देशभरासाठी योजना आणली. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी चालू कॉलेजला एखाद-दोन कौशल्याचे अभ्यासक्रम जोडले गेले. स्वतंत्र प्रदेश, त्यासाठीचा कर आणि लोकांनी निवडलेले मंडळ हा सांगाडा मात्र आला नाही. जोलिएटमध्ये फी वाढवायची की कर, परिचारिकांच्या जागा वाढवायच्या की वेल्डिंगची कार्यशाळा, यावर विश्वस्त खुल्या सभेत मतदान करतात. निर्णय पटला नाही तर सभेत उठून बोलण्याची मुभा नागरिकांना असते, आणि विषम वर्षातल्या एप्रिलमध्ये मतपेटीही उघडते.