६१७४ : देवळालीच्या मास्तरांची संख्या

कला शाखेत आलेल्या आम्हांपैकी पुष्कळांनी दहावीची परीक्षा आटोपताच गणिताला कायमचा रामराम ठोकला. त्यांना विनंती इतकीच, की हा लेख वाचताना कागद-पेन्सिल जवळ ठेवावी. वजाबाकी आणि थोडा गुणाकार यांपलीकडे येथे काही लागणार नाही.

कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अट एकच : चारही अंक सारखे नसावेत. ते अंक प्रथम उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करा. जे उत्तर येईल त्यावर पुन्हा हीच क्रिया करा. उत्तरात शून्य आले तर ते गाळू नका. उदाहरणादाखल १९०५ घेऊ :

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता पुढे जाऊन पाहा. ६१७४ चे अंक मांडले की पुन्हा ७६४१ वजा १४६७, म्हणजे पुन्हा ६१७४! गाडी येथे थांबली ती थांबलीच. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आपल्या घाटकोपर-मुलुंडच्या बाजूने गेली ते साल १८५३. त्यापासून आरंभ केलात तर पाचव्या पायरीला ६१७४ येते. आरंभ कोठूनही करा, सात पायऱ्यांच्या आत किंवा फार तर सातव्या पायरीला हाच मुक्काम.

वर १९०५ मुद्दामच घेतले. या संख्येचा शोध लावणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे ते जन्मसाल. जन्म डहाणूचा, शालेय शिक्षण ठाण्यास, महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. पदव्युत्तर पदवी मात्र त्यांनी घेतली नाही. १९३० ते १९६२ ते देवळालीस शाळामास्तर होते. ६१७४ चा हा गुण त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला.

संख्यांना नावे देण्याची त्यांची हौसही पाहण्यासारखी. १२१, १२३२१, १२३४३२१ अशा संख्यांना त्यांनी 'डेमलो संख्या' म्हटले, कारण त्यांची कल्पना सुचली ती जी. आय. पी. रेल्वेच्या डेमलो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्थानकावर. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना ते आनंद देणाऱ्या म्हणून 'हर्षद' म्हणत. आपली ६१७४ ही हर्षदच आहे : अंकांची बेरीज १८, आणि ६१७४ ला १८ ने भागले की ३४३, म्हणजे सातचा घन. शिवाय १८, १८ चा वर्ग ३२४ आणि १८ चा घन ५८३२ यांची बेरीज करा. उत्तर ६१७४!

हे सारे का घडते? यात जादू नाही, कारण आहे. चार अंक उतरत्या क्रमाने मांडले की वजाबाकीत पहिला आणि शेवटचा अंक एकमेकांच्या जागा घेतात. हजाराच्या घरातून एकक गेला, म्हणजे ९९९. मधल्या दोन अंकांत शतकातून दशक जातो, म्हणजे ९०. म्हणून उत्तर नेहमी असे येते : बाहेरच्या अंकांतील फरक गुणिले ९९९, अधिक मधल्या अंकांतील फरक गुणिले ९०. ७६४१ मध्ये हे फरक ६ आणि २ आहेत. ५९९४ अधिक १८० बरोबर ६१७४.

बाहेरचा फरक १ ते ९ असू शकतो आणि मधला फरक त्याहून मोठा असू शकत नाही. अशा जोड्या मोजल्या तर भरतात फक्त ५४. म्हणजे शून्यासकट लिहिलेल्या ९९९० संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ उत्तरांत गोळा होतात. ही ५४ उत्तरे एकेक करून तपासली की सिद्धता पुरी. एका सुट्टीच्या दुपारचे काम!

थोर गणिती हार्डी यांनी १९४० साली आपल्या 'ए मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' या पुस्तकात असल्या अंकांच्या गमतींना गंभीर गणितात जागा नाही असे सांगितले. ८७१२ ही २१७८ ची चौपट आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट आहे, हे त्यांनी दिलेले उदाहरण. असल्या गोष्टी कोड्यांच्या सदरात शोभतात, असा त्यांचा अभिप्राय. आपल्याकडील कित्येक गणितज्ञांनीही कापरेकरांना फारसे गंभीरपणे घेतले नाही. त्यांचे पुष्कळसे लेखन लहानसहान नियतकालिकांतून किंवा स्वतःच काढलेल्या पुस्तिकांतून प्रसिद्ध झाले. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा देवळालीच्या या निवृत्त मास्तरांचे नाव जगभर पोचले. १९८६ साली ते वारले.

हार्डींचे म्हणणे अर्धे खरे आहे. ६१७४ चा गुण आपल्या दशमान लेखनाशी जखडलेला आहे. तीन अंकांसाठी असाच मुक्काम ४९५ आहे. दोन अंक मात्र ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असे गोल फिरत राहतात, आणि पाच अंकांना तर एकही असा मुक्काम नाही. परंतु चार अंकांनाच हे का साधते असा प्रश्न मनात येणे, आणि ५४ उत्तरे तपासून त्याचा निकाल लावणे, हे गणित नव्हे तर काय? येथे गमतीकडून कारणाकडे जाणारी वाट इतकी सोपी आहे, की तिच्यावर चालायला पदवी लागत नाही.

आम्ही कवितेचा आस्वाद घ्यायला कवी असण्याची अट घालत नाही. मग गणिताच्या दारातच आम्ही का थबकतो? कापरेकरांनी ते दार आपल्यासाठी उघडेच ठेवले आहे. आपल्या जन्मसालाचे चार अंक घ्या आणि करा सुरुवात.