रुग्ण हेच धनी

‘सिस्टर, बिल्ला काढायचाय. सर्टिफिकेट किती दिवसांत मिळेल?’

प्रथमोपचाराच्या वर्गात हा प्रश्न मी वर्षानुवर्षं ऐकत आले. कंडक्टर व्हायचं तर परवाना हवा, बिल्ला हवा, आणि त्यासाठी सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचं प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र हवं. रविवारी सकाळी आसपासच्या गावांतली मुलं येऊन बसायची. त्रिकोणी पट्टीची झोळी करून हात गळ्यात कसा बांधायचा, गाठ मानेच्या हाडावर न येता बाजूला कशी घ्यायची, हे मी त्यांना एकमेकांवर करून बघायला लावायची. एकदा एका मुलाने पुस्तकावरच्या खुणेवर बोट ठेवलं. आठ टोकांचा पांढरा क्रूस. ‘ही चांदणी कसली?’ मी म्हटलं, संस्थेची खूण आहे. त्यापुढे मला काहीच ठाऊक नव्हतं. सरकारी रुग्णालयात पस्तीस वर्षं नोकरी केली, ती खूण हजारदा पाहिली, पण ती कुठून आली हे कधी कुणाला विचारलं नव्हतं.

निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला. ती खूण मला थेट अकराव्या शतकातल्या जेरुसलेमला घेऊन गेली.

इटलीतल्या अमाल्फी गावच्या व्यापाऱ्यांनी तिथे यात्रेकरूंसाठी एक धर्मशाळा आणि दवाखाना काढला होता. जेरार्ड नावाचा साधू तो चालवायचा. १०९९ मध्ये पहिल्या क्रूसेडच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या, सैन्याने जेरुसलेम घेतलं आणि तिथे भयानक कत्तल केली, तेव्हाही हा दवाखाना चालू होता. १५ फेब्रुवारी १११३ रोजी पोप दुसरा पास्कल याने या सेवकांच्या संघाला स्वतंत्र मान्यता दिली. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या नावाने चालणारा हा संघ, म्हणून सेंट जॉन. तलवार त्यांच्या हाती पुढे आली. आधी हातात होती ती रुग्णाची थाळी. आज त्यांचा इतिहास लढायांच्या अंगाने सांगितला जातो, म्हणून मी हा क्रम मुद्दाम सांगते.

जेरार्डनंतरच्या रेमों द्यु प्युई या प्रमुखाने संघाचे नियम बांधले. रुग्ण आला की त्याला बिछान्यावर न्यावं, तो जणू घरचा धनी आहे असं त्याला वागवावं, आणि रोज संघातले बंधू जेवायला बसण्याआधी त्याला जेवू घालावं. संघात येणारा माणूस रुग्णांचा दास होण्याची शपथ घेत असे. पुढच्या काळात येणारे बरेच सरदार घराण्यांतले, घरी नोकरचाकर असलेले. आणि रुग्ण? वाटेत ताप भरलेला, खिशात दमडी नसलेला कुणीही. धनी कोण आणि चाकर कोण, हेच त्यांनी उलटं करून टाकलं होतं.

११८२ सालचे त्यांचे नियम मी वाचले आणि पुस्तक मांडीवर तसंच ठेवून बसून राहिले. चार वैद्य नेमावेत, ज्यांना लघवी पाहून रोग ओळखता येतो आणि तापांचे प्रकार कळतात. खाटा रुग्णाला नीट पडता येईल एवढ्या लांब-रुंद असाव्यात. प्रत्येक खाटेला तिचं स्वतःचं पांघरूण आणि स्वतःच्या चादरी असाव्यात. शौचाला जाताना थंडी वाजू नये म्हणून रुग्णांना मेंढीच्या कातड्याचा अंगरखा, पायांत जोडे आणि डोक्याला लोकरी टोपी द्यावी. यात्रेत बाळंत झालेल्या बायकांच्या तान्ह्यांसाठी वेगळे छोटे पाळणे करावेत, म्हणजे आईच्या अस्वस्थपणात बाळाला इजा व्हायची नाही.

हे नियम लिहिणाऱ्याने वॉर्डात रात्री काढल्या असणार. मध्यरात्री उठून संडासाकडे निघालेल्या म्हाताऱ्याचे अनवाणी पाय ज्याने पाहिलेत, त्यालाच जोड्यांचा नियम सुचतो. आमच्या वॉर्डात पावसाळ्यात एका खाटेवर दोघी बाळंतिणी असत, एकीचं डोकं दुसरीच्या पायांशी, आणि उरलेल्या जमिनीवर. चादरींसाठी इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, टाकायचं आणि निम्म्यावर समाधान मानायचं. म्हणून ‘प्रत्येक खाटेला स्वतःची चादर’ हे वाक्य माझ्यासाठी नुसता इतिहास नाही.

आणि या नियमांत इंडेंटही आहे! फ्रान्समधल्या मठांनी दरसाल शंभर-शंभर सुती चादरी पाठवाव्यात, रुग्णांच्या औषधी पाकांसाठी तिबेरियासहून साखर यावी, अशी ठिकाणांनिशी यादी दिली आहे. सेवा करायची तर कापड कुठून येणार हे आधी ठरवावं लागतं, हे त्यांना पक्कं कळलं होतं. त्या रुग्णालयात हजारावर रुग्ण मावत. मुसलमान आणि यहुदी रुग्णांनाही तिथे घेत, असं त्या काळच्या एका पाहुण्याने लिहून ठेवलं आहे. जागा पवित्र कबरीच्या चर्चला लागूनच होती. तिला आज मुरिस्तान म्हणतात, आणि हे नाव फारसीतल्या बिमारिस्तानवरून आलं. बिमार आपल्यालाही कळतो.

पुढचा प्रवास पराभवांचा आहे. तो थोडक्यात सांगते. ११८७ मध्ये सुलतान सलाहुद्दीनने जेरुसलेम घेतलं. १२९१ मध्ये अक्का हे बंदरही गेलं. मग सायप्रस, मग ऱ्होड्स बेट. तिथे दोनशे वर्षं. एव्हाना हे सेवक पक्के लढवय्ये झाले होते, समुद्रावर जहाजं लुटतही होते. १५२२ मध्ये सुलतान सुलेमानने ऱ्होड्सला वेढा घातला आणि त्यांना बाहेर काढलं. १५३० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने त्यांना माल्टा दिलं. खंडणी, वर्षाला एक ससाणा. १५६५ चा माल्टाचा वेढा त्यांनी परतवला, आणि ज्या प्रमुखाच्या हाताखाली परतवला त्या ला व्हालेतच्या नावाने नवं शहर वसवलं. ते व्हॅलेटा.

आपल्याकडे या संघाच्या क्रूसाबद्दल एक घोटाळा होतो, तो इथेच सोडवते. वास्को द गामाच्या जहाजांच्या शिडांवर होता तो तांबडा क्रूस पोर्तुगालच्या ‘ऑर्डर ऑफ क्राइस्ट’ या निराळ्या संघाचा. गोव्याच्या इतिहासात त्याचा संबंध येतो. आठ टोकांचा पांढरा क्रूस तो नव्हे.

माझी लेक माल्टात नर्स आहे. तिच्याकडे गेले तेव्हा पहिल्याच सुट्टीच्या दिवशी तिला म्हटलं, मला ते जुनं इस्पितळ बघायचंय. ती म्हणाली, ‘अगं आई, आठवडाभर मी वॉर्डातच असते. सुट्टीच्या दिवशीही वॉर्डच का?’ पण आली.

व्हॅलेटाचे रस्ते सरळ उतरत समुद्राकडे जातात. घरं सगळी मधासारख्या रंगाच्या दगडाची. सेंट एल्मोच्या किल्ल्याजवळ, मोठ्या बंदराच्या अगदी काठावर ही ‘साक्रा इन्फर्मेरिया’ आहे, म्हणजे पवित्र रुग्णालय. काम सुरू झालं १५७४ मध्ये. आत मोठा वॉर्ड आहे, दीडशे मीटरहून लांब. मी या टोकाला उभी राहिले, लेक त्या टोकाला गेली. तिचा चेहरा ओळखू येईना. आता इथे परिषदा आणि मेजवान्या होतात. मी मात्र मनात खाटा मोजत होते.

या वॉर्डात रुग्णांना चांदीच्या ताटवाट्यांत जेवण मिळत असे. आणि वाढायला कोण? सरदार. प्रत्येक प्रांताच्या सरदारांना आठवड्यातला एकेक वार नेमून दिलेला होता. आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचा, इथे श्रीमंताने वार लावून वाढायचं. मला हे फार आवडलं. संघाचा प्रमुख स्वतः वाढायला येई तेव्हा तोही हातात ताट घेऊन खाटेशी उभा राही.

पण दोन गोष्टी सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

१७८६ मध्ये जॉन हॉवर्ड नावाचा इंग्रज सुधारक इथे आला. युरोपभरचे तुरुंग आणि इस्पितळं स्वतः फिरून बघणारा माणूस. त्याने जे लिहिलं ते वाचून माझ्या अंगावर काटा आला. रुग्ण पाचशेवर, आणि सेवेला माणसं अवघी बावीस. ती मळकी, फाटक्या कपड्यांतली, रुग्णांशी दयामाया नसलेली. वॉर्डात दुर्गंधी. मग तो प्रमुखाच्या तबेल्यात गेला. सव्वीस घोडे, तेवढीच खेचरं, आणि त्यांच्या दिमतीला चाळीसेक माणसं. तिथे मात्र सगळं स्वच्छ. चांदीची ताटं तेव्हाही होती. नियमही तेच होते. मी जिथे रात्रपाळी केली तिथे साठ रुग्णांना मी एकटी असायची, म्हणून हॉवर्डचा तो आकडा मी विसरू शकत नाही. सेवा कुठे संपली हे पाहायचं असेल तर किती माणसं कुठे नेमली आहेत एवढंच मोजावं.

दुसरी गोष्ट गुलामांची. संघाच्या जहाजांवरची वल्ही मारायला गुलाम लागत, आणि व्हॅलेटात पकडून आणलेल्या मुसलमान गुलामांची खरेदी-विक्री चाले. रुग्णांचे दास होण्याची शपथ घेतलेल्यांनी माणसांना दास करून विकलं. त्या काळात सगळेच करत, हे उत्तर मला पुरत नाही. ज्यांनी इतर कुणी पाहिलं नव्हतं ते पाहिलं, तान्ह्याचा पाळणा पाहिला, त्यांना बेडीतला माणूस कसा दिसला नाही? १७९८ मध्ये नेपोलियनने माल्टा घेतलं आणि तिथली गुलामगिरी मोडली. त्यानेच इस्पितळातली चांदी मोहिमेच्या खर्चासाठी लुटली. संघ बेघर झाला.

तो संपायला हवा होता. संपला नाही. १८३४ मध्ये रोममध्ये स्थिरावला, आणि फौजफाटा गेल्यावर पुन्हा मूळ कामाकडे वळला. आज ‘सार्वभौम माल्टा संघ’ म्हणून तो ओळखला जातो. त्याच्याकडे देश नाही, पण शंभराहून जास्त राष्ट्रांशी त्याचे राजनैतिक संबंध आहेत, तो पासपोर्ट देतो, आणि संयुक्त राष्ट्रांत १९९४ पासून निरीक्षक आहे. हे ऐकून लोक चकित होतात. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते अलीकडचं घडलेलं.

२०१६ च्या अखेरीस संघात भांडण पेटलं. म्यानमारमधल्या मदतकार्यात निरोध वाटले गेले, त्यावरून एका वरिष्ठ पदाधिकाऱ्याला काढण्यात आलं. पोप फ्रान्सिस मधे पडले, जानेवारी २०१७ मध्ये संघप्रमुख मॅथ्यू फेस्टिंग यांना पद सोडावं लागलं आणि तो पदाधिकारी परत आला. निरोध वाटणं हे काम मी आयुष्यभर केलं आहे, तेव्हा माझं मन कोणत्या बाजूला होतं हे वेगळं सांगायला नको. पण त्या भांडणातून एक मोठी गोष्ट निघाली. सप्टेंबर २०२२ मध्ये पोपनी संघाला नवी घटना दिली. तोवर प्रमुख व्हायचं तर खानदानी रक्त लागायचं. ती अट गेली. तहहयात पदही गेलं. आता दहा वर्षांची मुदत आणि पंच्याऐंशी वर्षांची वयोमर्यादा. ३ मे २०२३ रोजी जॉन डनलप हे ८१ वे प्रमुख म्हणून निवडून आले. मूळचे कॅनडाचे, व्यवसायाने वकील, अमेरिका खंडातून या पदावर आलेले पहिले. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात एड्सच्या रुग्णांची सेवा करता करता ते या वाटेला लागले. एड्सच्या रुग्णाला हात लावायला भले भले कचरायचे ते दिवस मी पाहिले आहेत. घराणं न विचारता असा माणूस निवडता आला, हे मला चांगलं वाटलं.

आपल्याकडची सेंट जॉन ॲम्ब्युलन्स या रोमच्या संघाची शाखा नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये हीच परंपरा मानणारा वेगळा संघ उभा राहिला. १८७७ मध्ये त्याने कारखाने, खाणी, रेल्वे इथल्या साध्या कामगारांना प्रथमोपचार शिकवायला सुरुवात केली आणि १८८८ मध्ये व्हिक्टोरिया राणीने त्याला सनद दिली. तिथून हे शिक्षण इंग्रजांबरोबर हिंदुस्थानात आलं, आणि आमच्या रविवारच्या वर्गात पोचलं. सरदाराच्या अंगरख्यावरचा क्रूस कंडक्टरच्या पुस्तकावर आला.

लेकीच्या घरी एका रात्री आम्ही दोघी संगणकावर बेथलेहेमचं ‘होली फॅमिली हॉस्पिटल’ बघत बसलो. माल्टा संघ ते १९९० पासून प्रसूतिगृह म्हणून चालवतो. येशूचा जन्म जिथे झाला असं मानतात त्या चर्चपासून ते दीड किलोमीटरच्या आत आहे. तिथे बाळंत होणाऱ्या बहुतेक बायका मुसलमान. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठीचा अतिदक्षता विभागही तिथे आहे. पडद्यावर काचेच्या पेट्या दिसत होत्या, प्रत्येकीत एकेक बाळ, नाकात नळी, डोक्याला लोकरी टोपी.

मी लेकीला ११८२ च्या त्या पाळण्यांचा नियम वाचून दाखवला. तिने पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि तो स्वतः पुन्हा वाचला. मग विचारलं, ‘आई, तिथे एका नर्सकडे किती बाळं असतील गं?’