रोपवे असताना पायऱ्या कशाला?

रायगडावर १९९६पासून रोपवे आहे. पाळण्यात बसलं की काही मिनिटांत माणूस वर. तरी सुट्टीच्या कुठल्याही दिवशी जाऊन बघा, चित दरवाजाकडून पायऱ्यांवर माणसांची रीघ लागलेली असते. घामानं निथळतायत, दर पन्नास पायऱ्यांवर टेकतायत, सरबतवाल्याला "अजून किती राहिलं हो?" विचारतायत. यांतल्या पुष्कळांना पाळण्याचं तिकीट सहज परवडतं. वर गेल्यावर दोघांनाही तोच जगदीश्वर, तीच समाधी, तोच वारा. मग पायऱ्या कशाला?

आज आपण हा प्रश्न घेणार आहोत. पोटासाठी जे कष्ट करावे लागतात त्यांचं कारण उघड आहे, त्यांच्याकडे नंतर येऊ. आपला विषय आहे छंदातले कष्ट. कुणी सांगितलेलं नसतं, पैसे मिळत नाहीत, सोपा मार्ग समोर असतो, आणि तरी माणूस मुद्दाम अवघड वाट धरतो. शब्दकोडं सोडवणारा माणूस बघा. उत्तरं त्याच पुस्तकात शेवटच्या पानावर छापलेली असतात आणि हा गृहस्थ ते पान उघडायचं नाही म्हणून हट्टानं बसलेला असतो. बुद्धिबळाचंही तेच. १९९७ साली डीप ब्लू या संगणकानं गॅरी कास्पारोव्हला हरवलं, आज खिशातला फोनसुद्धा जगज्जेत्याला भारी पडतो. म्हणून कुणी पट गुंडाळून ठेवला का? नाही.

आम्ही उदाहरण म्हणून गिर्यारोहण घेतो. कारण असं की या मंडळींनी सोप्या-अवघड वाटेवरून आपसांत कडाक्याची भांडणं केली, आणि ती लिहूनही ठेवली.

आधी नेहमीची उत्तरं बाजूला करू. व्यायाम होतो म्हणून? मग घराशेजारचा जिना काय वाईट आहे? निसर्ग बघायला? तो पाळण्यातून जास्त चांगला दिसतो. पायऱ्या चढताना दिसते ती पुढच्या माणसाची पाठपिशवी. मिरवायला मिळतं म्हणून? यात तथ्य आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण शब्दकोडेवाल्याला बघायला कोण येतं?

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९९मध्ये या विषयावर एक निबंध लिहिला. त्यांनी गिर्यारोहकांची आत्मकथनं वाचली आणि त्यांना दिसलं की त्यांत सुखाचं वर्णन फारच थोडं आहे. थंडी, उलट्या, भीती, कंटाळा, बर्फानं गेलेली बोटं, हेच पानोपानी. शिखरावरचा आनंद असा किती? दमलेला माणूस, चार फोटो, आणि उतरायची चिंता. अर्थशास्त्राचं गृहीतक असं की माणूस आपल्याला सुख देणाऱ्या गोष्टी निवडतो. इथं हिशेब जुळेना. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की सुखाखेरीज माणसाला आणखीही काही हवं असतं: हाती घेतलेलं पुरं करणं, आपण कोण आहोत हे स्वतःला दाखवणं, एखाद्या गोष्टीवर हुकमत मिळवणं, आणि जगण्यात काही अर्थ सापडणं. हे पटतं. पण त्यातून आपल्या मूळ प्रश्नाचं उत्तर अर्धंच मिळतं. पुरं करायला सोपं कामही चाललं असतं की.

इथं आपल्याला एक तत्त्वज्ञ मदतीला येतात. बर्नार्ड सूट्स त्यांचं नाव, कॅनडात शिकवत असत. १९७८ साली त्यांचं 'द ग्रासहॉपर' हे पुस्तक आलं. मुंगी आणि नाकतोड्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. सूट्सनी मुंगीची बाजू सोडून नाकतोड्याला नायक केलं. खेळ म्हणजे काय, याची व्याख्या त्यांनी केली. आपल्या शब्दांत सांगायचं तर, गरज नसलेले अडथळे राजीखुशीनं अंगावर घेणं आणि ते पार करायची धडपड करणं, म्हणजे खेळ.

हे समजायला लंगडी आठवा. समोरच्या पोरांना पकडायचं आहे. दोन चांगले धडधाकट पाय आहेत. आणि आपण एक पाय दुमडून उड्या मारत पळतो! नुसतं पकडणं हाच हेतू असता तर हा शुद्ध वेडेपणा. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला मागं फिरता येत नाही, बसलेल्यांच्या मधून घुसता येत नाही. कबड्डीत दम धरून बोलत राहायचं. हे नियम काढून टाका, काम सोपं होईल आणि खेळ संपेल. लंगडीत दोन्ही पायांवर धावून कुणाला पकडलं तर पकडलेला पोरगा म्हणेल, "मी आउट नाही." आणि त्याचं बरोबर आहे.

म्हणजे अडचण ही आनंदासाठी मोजलेली किंमत आहे, असं जे आपण समजतो ते छंदाच्या बाबतीत लागू पडत नाही. किंमत कमी झाली तर गिऱ्हाईक खूश होतं. इथं अडचण कमी केली की वस्तूच हातातून जाते. १४ मे २००५ रोजी दिदिए देलसाल या फ्रेंच वैमानिकानं हेलिकॉप्टर थेट एव्हरेस्टच्या माथ्यावर टेकवलं, जवळजवळ चार मिनिटं. वैमानिक म्हणून पराक्रम मोठाच. पण 'एव्हरेस्ट चढला' असं त्याच्याबद्दल कुणी म्हणत नाही, तोही म्हणत नसावा.

आता गंमत बघा. हे नियम ठरवतं कोण? लंगडीत मैदानावरची पोरं. डोंगरावर पंच नसतो, शिट्टी नसते. १९२२च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेत यावरून वाद झाला. जॉर्ज फिंच हा त्यांच्यातला शास्त्रज्ञ माणूस. त्याचं म्हणणं, ऑक्सिजनची नळकांडी घेऊ. इतर काहींना ते खिलाडूपणाचं वाटेना. प्रत्यक्षात त्या मोहिमेत ऑक्सिजन घेतलेली जोडीच सगळ्यांत उंच पोचली. दोन वर्षांनी एडवर्ड नॉर्टन ऑक्सिजनशिवाय सुमारे ८,५७० मीटरपर्यंत गेला आणि तिथून परतला. १९५३मध्ये तेनसिंग आणि हिलरी माथ्यावर पोचले ते ऑक्सिजन घेऊनच. त्या वेळी प्रश्न होता: माणूस तिथं पोचू शकतो का? तो सुटला.

आणि प्रश्न सुटल्यावर काही लोकांना करमेना. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश असतो. नळकांडी लावली की श्वासापुरता डोंगर बुटका होतो, असं राइनहोल्ड मेसनर म्हणू लागला. त्यानं आणि पीटर हाबेलरनं ८ मे १९७८ रोजी नळकांड्यांशिवाय एव्हरेस्ट गाठलं. मेंदूला कायमची इजा होईल असे इशारे मिळाले होते. दोन वर्षांनी, २० ऑगस्ट १९८०ला, मेसनर तिबेटच्या बाजूनं एकटाच, पुन्हा ऑक्सिजनशिवाय वर गेला. डोंगर तोच, उंची तीच. त्यानं आपल्यापुरता नियम कडक केला, एवढ्यानं जुना डोंगर नवा झाला. मोठं छंदिष्ट लोक हेच करतात. एक कोडं सुटायला लागलं की पेन्सिल सोडून पेननं भरतात.

उलट बाजूची गोष्ट पाटागोनियातली आहे. सेरो तोरे हा तिथला बर्फानं मढलेला सुळका, ३,१२८ मीटर. चेझारे मायेस्त्री या इटालियन गिर्यारोहकानं १९५९मध्ये तो चढल्याचा दावा केला. सोबती उतरताना मरण पावला, पुरावा राहिला नाही, आणि लोकांनी विश्वास ठेवला नाही. चिडून मायेस्त्री १९७०मध्ये परत गेला. या वेळी बरोबर पेट्रोलवर चालणारा कॉम्प्रेसर होता! कड्याला भोकं पाडत, शेकडो बोल्ट ठोकत तो वर सरकला. वरच्या बर्फाच्या टोपीवर तो चढलाच नाही, कारण ती डोंगराचा भाग नाही म्हणे. कॉम्प्रेसर तिथंच कड्याला लटकत राहिला.

त्यावर जगभरचे गिर्यारोहक खवळले. का? दरोडा नव्हता, कुणाचं नुकसान नव्हतं. पण कॉम्प्रेसर असेल तर कुठलाही कडा चढता येतो, म्हणजे 'हे आपल्याला जमणार नाही' असं डोंगरावर काही उरतच नाही. मेसनरचा याच मुद्द्यावरचा लेख गाजला: अशक्य गोष्टीचाच खून होतोय. आम्हाला हे म्हणणं नाटकी वाटतं, पण खोटं वाटत नाही.

यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. जानेवारी २०१२मध्ये हेडन केनेडी आणि जेसन क्रुक हे दोन तरुण त्याच धारेवरून मायेस्त्रीचे बहुतेक बोल्ट न वापरता चढले, आणि उतरताना त्यांनी शंभराहून जास्त बोल्ट काढून टाकले. खाली एल चाल्तेन गावात लोक भडकले. पोलिसांनी दोघांना ताब्यात घेतलं, बोल्ट जप्त केले. काहींनी पाठ थोपटली. पण स्थानिकांचा सवाल होता, तुम्हाला अवघड चढायचं तर बोल्टला हात न लावता चढा. आमची वाट अवघड करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? आमचं मत विचाराल तर या सवालाला सोपं उत्तर नाही. पण त्यातून एक गाठ नेमकी दिसते. स्वतःवर घातलेली अडचण हा छंद. तीच दुसऱ्यावर घातली की त्याला वेगळं नाव द्यावं लागतं.

मानसशास्त्र काय म्हणतं, तेही थोडक्यात बघू. मिहाय चिकसेंटमिहाय स्वतः डोंगर चढायचे. त्यांनी १९७०च्या दशकात गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, नर्तक यांच्याशी बोलून मांडलं की काम फार सोपं तर कंटाळा, फार अवघड तर धास्ती, आणि मधल्या पट्ट्यात माणूस असा रंगून जातो की वेळेचं भान राहत नाही. कड्यावर हे खरं आहे. आठ हजार मीटरवर मात्र एका पावलाला चार-पाच श्वास लागतात, तिथं रंगून जाणं कुठलं! तिथं लोवेनस्टाइनच जवळचे वाटतात.

प्राण्यांतही याचं मूळ दिसतं. १९६३मध्ये ग्लेन जेन्सन यांनी उंदरांवर प्रयोग केला. वाटीत खाणं फुकट ठेवलेलं, आणि शेजारी दांडी दाबून मिळणारं तेच खाणं. बऱ्याच उंदरांनी वाटी सोडून दांडी दाबली. पुढं कबुतरं, माकडं अशा कितीतरी प्राण्यांत हे दिसलं. घरातली मांजर मात्र या यादीत बसायला तयार नाही. तिला फुकटचंच बरं. (मांजर पाळणाऱ्यांना प्रयोगाची गरज नाही.) आणि एक बारकावा: प्राणी जितका जास्त भुकेला, तितकी त्याची ही हौस कमी होते. उपाशी उंदीर वाटीकडे जातो.

आता मघाशी मागं ठेवलेल्या कष्टांकडे येऊ. रायगडावरच हिरकणी बुरूज आहे. आख्यायिका आपल्याला पाठ आहे: दरवाजे बंद झाले, खाली घरी तान्हं बाळ, आणि ती गवळण रात्री कडा उतरून गेली. आज दोर, हेल्मेट घेऊन हौसेनं कडे उतरणारे आहेत. कडा जातीनं तोच. पण हिरकणी छंद करत होती असं कुणी म्हणेल का? तिला दरवाजा उघडा मिळाला असता तर ती दरवाजानं गेली असती. सिंहगडावर डोक्यावर दह्याची मडकी घेऊन पायवाटेनं चढणाऱ्या बायकाही त्याच चढावर, त्याच रविवारी असत. पुण्याहून आलेला माणूस किती मिनिटांत चढलो ते घड्याळात बघायचा. त्या बाईलाही वेळ किती लागला हे कळत असेल, पण तिचा हिशेब दही विकलं जाण्याशी.

एव्हरेस्टवर हे दोघं एकाच दोरावर येतात. १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबूच्या हिमप्रपातात हिमकडा कोसळून १६ नेपाळी कामगार गेले. मोहिमांसाठी वाट तयार करणं, सामान वर नेणं, हे त्यांचं काम होतं. ज्यानं डोंगर निवडला तो हिमप्रपातातून मोजक्या फेऱ्या मारतो. सामान वाहणाऱ्याला त्या पुन्हा पुन्हा माराव्या लागतात. त्या वर्षी शेर्पांनी पुढं जायला नकार दिला आणि नेपाळच्या बाजूचा हंगाम जवळजवळ बंद पडला. सूट्सच्या व्याख्येत 'राजीखुशीनं' हा शब्द आहे, तो आम्हाला सगळ्यांत जड वाटतो. माझा अडथळा दुसऱ्यानं पगारावर पार केला, तर खेळ कोण खेळलं? आपल्याकडेही पावसाळ्यात कुणी कड्यावर अडकतं तेव्हा रात्री बॅटऱ्या घेऊन निघतात ती पायथ्याच्या गावातली पोरं आणि स्वयंसेवक. त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

दोन प्रश्न आले आहेत, ते घेतो. एक ताई विचारतात, मग मुलांचा अभ्यासही असाच आवडीचा करता येईल का? थोडाफार येईल. खेळात तीन गोष्टी असतात: नियम आधी माहीत असतो, हरलं तरी पुन्हा डाव मांडता येतो, आणि नको वाटलं तर उठता येतं. पहिल्या दोन अभ्यासात आणता येतील. तिसरी शाळा देणार नाही. म्हणून गणिताला खेळ म्हटलं तरी पोरं फसत नाहीत. पण अवघड गणिताचं उत्तर लगेच सांगून टाकू नका. सुटत आलेलं कोडं कुणी सोडवून दिलं की आपल्याला काय वाटतं ते आठवा.

दुसरा प्रश्न, रोपवेनं जाणारे कमी दर्जाचे का? मुळीच नाही. म्हाताऱ्या आईला रायगड दाखवायचा तर दुसरा उपाय काय? काही जण पाळण्यानं वर जातात आणि पायऱ्यांनी उतरतात, सोपं पडेल म्हणून. त्यांना एवढंच सांगतो की गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जास्त बोचतं, तेव्हा काठी बरोबर ठेवा.